अमेरिकेतील मराठी पालकांना खुले पत्र : मुलांचे व्याकरण शाळेकडे मागा

सप्रेम नमस्कार.

ज्यांची मुले अमेरिकेतील सार्वजनिक शाळांमध्ये शिकत आहेत, अशा मराठी आईवडिलांसाठी हे पत्र आहे. मी न्यू जर्सीतील एका कम्युनिटी कॉलेजात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी निबंधलेखन शिकवते. शाळेची सगळी वर्षे पूर्ण करून, आणि बहुतेक वेळा चांगली श्रेणी घेऊन आलेली मुले माझ्या वर्गात असतात. तरीही त्यांतल्या पुष्कळांना वाक्य कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे खात्रीने सांगता येत नाही. ही मुले बुद्धीने किंवा मेहनतीने कमी आहेत असे मला एकदाही वाटलेले नाही. त्यांना ही गोष्ट कोणी पद्धतशीरपणे शिकवलेलीच नाही. आपल्यापैकी ज्यांना ही उणीव दिसते ते ती शिकवणी लावून भरून काढतात आणि शाळेला त्याबद्दल एक शब्दही विचारत नाहीत. तो प्रश्न शाळेला विचारायला हवा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

उणीव नेमकी कशी दिसते ते आधी सांगते. मागच्या सत्रात एका विद्यार्थिनीने तिच्या आजोबांनी जिथे आयुष्यभर काम केले त्या, आता बंद पडलेल्या, छापखान्यावर निबंध लिहिला. विषय तिच्या जिव्हाळ्याचा होता, बारकावे सुरेख टिपलेले होते, आणि मधेच एका ओळीवर पूर्णविराम देऊन तिने लिहिले होते : ‘बिकॉज द ओनर हॅड नो सन्स.’ मी समासात ते वाक्य अपूर्ण असल्याची खूण केली. वर्ग सुटल्यावर ती कागद घेऊन आली आणि तिने मनापासून विचारले, की वाक्य फार लहान आहे म्हणून अपूर्ण का? ‘बिकॉज’ने सुरू होणारे गौण उपवाक्य मुख्य वाक्याला जोडल्याशिवाय उभे राहत नाही, असे मी सांगितले. तेव्हा लक्षात आले, की उपवाक्य हा शब्द तिने कधीतरी ऐकला आहे, पण तो कशाला म्हणतात हे तिला ठाऊक नाही. स्वल्पविराम कुठे द्यायचा याचा तिला शिकवलेला नियम एकच होता : वाचताना जिथे श्वास घ्यावासा वाटेल तिथे. बारावीच्या इंग्रजीत तिला ‘ए’ श्रेणी होती, तीही ऑनर्सच्या, म्हणजे वरच्या पातळीच्या, वर्गात.

आम्ही अर्धा तास बसलो. कर्ता, क्रियापद, मुख्य वाक्य, गौण वाक्य एवढेच मी तिच्याच निबंधातल्या ओळींवर दाखवले. त्यानंतर उरलेल्या निबंधातली आणखी चार अपूर्ण वाक्ये तिने माझ्या मदतीशिवाय शोधली, आणि त्यांतले एक तसेच ठेवायचे ठरवले, कारण तिथे तिला तो तुटकपणा हवा होता. त्या क्षणापासून ती आपल्या वाक्याबद्दल निर्णय घेऊ लागली होती. मुलांना व्याकरण यायला हवे असे मी म्हणते तेव्हा मला हे अभिप्रेत असते. जे अर्ध्या तासात समजू शकते ते बारा-तेरा वर्षांत का समजावले गेले नाही, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही.

याला एक इतिहास आहे, आणि त्यात दोष कोणा एकाचा नाही. अलोन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग यांनी १८७७ साली वाक्याची आकृती काढण्याची पद्धत रूढ केली. आडवी रेघ मारून तिच्यावर कर्ता आणि क्रियापद मांडायचे आणि खाली तिरप्या रेघांवर विशेषणे-क्रियाविशेषणे लटकवायची, हा प्रकार पुढे कित्येक पिढ्या अमेरिकन शाळांच्या फळ्यांवर चालत आला. विसाव्या शतकात संशोधक विचारू लागले, की या सरावाने मुले लिहितात का चांगली? १९६३ साली रिचर्ड ब्रॅडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन निष्कर्ष काढला, की औपचारिक व्याकरणाच्या अध्यापनाचा लेखन सुधारण्यावर नगण्य परिणाम होतो, आणि लेखनाच्या सरावाचा वेळ ते खात असल्यामुळे कदाचित अपायच होतो. १९८५ साली इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने ठराव केला, की लेखनापासून सुटे पाडलेले व्याकरणाचे सराव विद्यार्थ्यांच्या बोलण्या-लिहिण्याच्या प्रगतीला बाधक आहेत.

महाराष्ट्रात शिकलेल्या आपल्यापैकी कोणालाही या म्हणण्यातले तथ्य पटेल. ‘प्रयोग ओळखा’, ‘कंसातील सूचनेप्रमाणे बदल करा’, ‘समासाचा विग्रह करा’ या प्रश्नांना पैकीच्या पैकी गुण मिळवलेली आणि साधे अर्जाचे पत्र स्वतःच्या शब्दांत न लिहू शकणारी माणसे आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत. ती पद्धत इथे आणावी असे मला मुळीच म्हणायचे नाही. परंतु त्या ठरावाचा रोख सुट्या सरावांवर होता. व्याकरण लेखनाच्या सोबतीने शिकवा, हा त्याचा स्वाभाविक पुढचा भाग होता. पुष्कळ शाळांत पहिला भाग अमलात आला आणि दुसरा राहून गेला. सरावाची पुस्तके कपाटात गेली आणि त्यांच्या जागी बहुधा काहीच आले नाही. फार तर लेखनाच्या तासाच्या सुरुवातीला दहा मिनिटांचा एक छोटा पाठ आला, तोही शिक्षकाला वेळ उरला तर. अशा शाळांत शिकलेली मुलेच पुढे शिक्षक झाली. आजच्या कित्येक तरुण शिक्षकांना वाक्यातली चूक कानाला जाणवते, पण ती चूक का आहे हे मुलाला समजावण्याची परिभाषा त्यांच्यापाशी नाही, कारण त्यांनाही ती कोणी दिलेली नाही. अशा शिक्षकांना नावे ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

आता एक गोष्ट जी बहुतेक पालकांना माहीत नसते. जे मागायचे ते कागदावर आधीच मंजूर झालेले आहे. २०१० साली तयार झालेली आणि बहुतेक राज्यांनी स्वीकारलेली कॉमन कोअर मानके, म्हणजे कोणत्या इयत्तेत मुलाला काय यावे याची यादी, काढून पाहा. पुढे अनेक राज्यांनी त्यांचे नाव बदलले, मजकुरातही फेरफार केले, पण मूळ अपेक्षा वाचण्यासारख्या आहेत. तिसरीच्या मुलाला केवल, संयुक्त आणि मिश्र वाक्ये तयार करता यावीत, असे त्यांत म्हटले आहे. चौथीच्या मुलाला अपूर्ण वाक्य आणि एकमेकांत घुसलेली वाक्ये ओळखून दुरुस्त करता यावीत. सातवीत पदबंध आणि उपवाक्य यांचे वाक्यातले कार्य स्पष्ट करता यावे, आणि आठवीत धातुसाधिते व प्रयोग यांची जाण यावी. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीला अठराव्या वर्षी जे प्रथम कळले ते या अपेक्षेप्रमाणे तिला दहाव्या वर्षी यायला हवे होते.

कागदावरचे वर्गात का पोहोचत नाही, याची मला दिसणारी दोन मोठी कारणे आहेत. पहिले परीक्षांचे. २००२ साली अमलात आलेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचन आणि गणित यांच्या परीक्षा सक्तीच्या केल्या, आणि २०१५ च्या नव्या कायद्यानेही तीच चौकट ठेवली. लेखनाची अशी स्वतंत्र सक्ती नव्हती. शाळेची प्रतिष्ठा ज्या आकड्यांवर ठरते त्यांत जे मोजले जात नाही त्याला वेळापत्रकात जागा मिळत नाही. २००३ साली कॉलेज बोर्डाने नेमलेल्या राष्ट्रीय लेखन आयोगाने लेखन हा शाळांतला दुर्लक्षित विषय असल्याचे स्पष्ट म्हटले होते. २०११ च्या राष्ट्रीय चाचणीत आठवी आणि बारावी या दोन्ही इयत्तांत फक्त २७ टक्के विद्यार्थी लेखनात ‘प्रवीण’ पातळीला किंवा तिच्या वर पोहोचले. त्यानंतर इतकी वर्षे लोटली तरी त्या आकड्यांशी तुलना करता येईल असा लेखनाचा राष्ट्रीय निकाल पालकांसमोर आलेला नाही.

दुसरे कारण शिक्षकाच्या वेळेचे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. हायस्कूलमधल्या इंग्रजीच्या शिक्षकाकडे पाच वर्ग आणि प्रत्येक वर्गात २६ मुले धरली, तर एका निबंधाचे १३० कागद होतात. एका कागदाला दहा मिनिटे दिली, आणि दहा मिनिटांत वाक्यावाक्यावर खूण करून वाचणे कठीणच असते, तरी जवळजवळ २२ तास लागतात. हे तास शाळेच्या वेळापत्रकात कुठेच नसतात. ते शिक्षकाच्या शनिवार-रविवारातून आणि रात्रींतून येतात. मग शिक्षक दोनच मार्ग काढू शकतो : निबंध कमी द्यायचे, किंवा ठरावीक रकान्यांच्या तक्त्यावर गुण देऊन कागद परत करायचे. ‘कल्पना’, ‘मांडणी’, ‘भाषेचे संकेत’ असे रकाने असतात आणि शेवटच्या रकान्यात चारपैकी तीन गुण पडतात. तो एक गुण कुठे गेला हे मुलाला कळत नाही, आणि पुढच्या निबंधात तीच चूक पुन्हा येते.

श्रेणींबद्दलही लिहिले पाहिजे, कारण पालकांची दिशाभूल सर्वांत जास्त तिथे होते. हायस्कूलच्या गुणपत्रकांच्या राष्ट्रीय अभ्यासानुसार हायस्कूल पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी श्रेणी १९९० साली चारपैकी २.६८ होती, ती २०१९ पर्यंत ३.११ झाली. मुले तेवढी अधिक शिकली असती तर आनंदच होता. परंतु राष्ट्रीय चाचणीत बारावीच्या वाचनाची सरासरी १९९२ साली ५०० पैकी २९२ होती, ती २०२४ साली २८३ वर, म्हणजे या चाचणीच्या इतिहासातल्या नीचांकावर आली. त्या वर्षी बारावीतले ३२ टक्के विद्यार्थी वाचनाच्या किमान ‘बेसिक’ पातळीच्याही खाली होते. आठवीत हे प्रमाण ३३ टक्के आणि चौथीत ४० टक्के होते. करोनाच्या वर्षांनी नुकसान केले हे खरे, पण चौथी-आठवीची घसरण त्याआधीच सुरू झाली होती. हे आकडे वाचनाचे आहेत, व्याकरणाचे नाहीत, याची मला जाणीव आहे. तरीही लांब, गुंतागुंतीचे वाक्य ज्याला लिहिता येत नाही त्याला तसे वाक्य वाचतानाही धाप लागते, हे मी रोज पाहते. २०२४ पासून पूर्णपणे संगणकावर आलेल्या एसएटी या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेत वाचनाचे उतारे २५ ते १५० शब्दांचे झाले आहेत. त्याच सुमारास, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी हायस्कूल पूर्ण झाल्याच्या प्रमाणपत्रासाठी राज्याची परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट काढून टाकली. परीक्षांविषयी मतभेद असू शकतात आणि मलाही सगळ्या परीक्षा प्रिय नाहीत. पण बाहेरचा प्रत्येक मापदंड सैल होत गेला की पालकाच्या हातात फक्त श्रेणी उरते, आणि श्रेणीने सत्य सांगणे केव्हाच सोडलेले आहे.

या ठिकाणी आपल्या समाजाविषयी स्पष्ट लिहिणे मी कर्तव्य समजते. श्रेणी फुगण्यात आपला हात आहे. मुलाला ‘ए मायनस’ आला की शिक्षकाला त्याच रात्री ईमेल पाठवणारे, मुख्याध्यापकांची वेळ मागणारे पालक आपल्यातच पुष्कळ आहेत. त्या ईमेलमध्ये गुणांचा हिशेब असतो. मुलाच्या लिखाणातली नेमकी कोणती वाक्ये कमकुवत आहेत, हा प्रश्न क्वचितच असतो. ज्या शिक्षकाला प्रत्येक कमी गुणामागे खुलासा लिहावा लागतो तो हळूहळू गुण देऊन मोकळा होतो. दुसरीकडे आपण गणिताच्या, स्पेलिंगच्या आणि आता लेखनाच्याही शिकवण्यांवर महिन्याकाठी मोठी रक्कम खर्च करतो. आपल्या मुलांपैकी काही जण त्या बळावर तरून जातात, शाळेचे सरासरी निकाल बरे दिसतात, आणि शाळा आपल्या पद्धतीवर समाधानी राहते. आपण घरी भरून काढलेल्या उणिवेचे श्रेय शाळेच्या अभ्यासक्रमाला जाते, आणि शेजारच्या ज्या मुलाच्या घरी शिकवणीचे पैसे नाहीत त्याची उणीव कोणाच्या नजरेसही पडत नाही.

त्या शेजारच्या मुलाचा विचार हा माझ्या मते या सगळ्याचा गाभा आहे. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकी इंग्रजी बोलले जाते त्या घरातले मूल वाक्याची घडण कानाने शिकते. शाळेने शिकवले नाही तरी त्याचे फारसे अडत नाही. ज्या घरात स्पॅनिश, तेलुगू, मराठी, हैतीची क्रिओल किंवा आफ्रिकन-अमेरिकन समाजाची इंग्रजी बोलली जाते, त्या घरातल्या मुलाला लेखी प्रमाण इंग्रजी शाळेकडूनच मिळायची असते. व्याकरण शिकवणे म्हणजे मुलाच्या घरच्या बोलीला हीन ठरवणे, अशी भीती अनेक शिक्षकांना वाटते, आणि तिच्यामागे खरा, दुखरा इतिहास आहे. आफ्रिकन-अमेरिकन इंग्रजीला स्वतःचे नियमबद्ध व्याकरण आहे हे भाषाशास्त्रज्ञांनी केव्हाच दाखवून दिले आहे, तरी वर्षानुवर्षे त्या मुलांना अडाणी म्हटले गेले. १९७९ साली अ‍ॅन आर्बर (मिशिगन) येथील खटल्यात न्यायालयाला सांगावे लागले, की मुलांना वाचायला शिकवताना त्यांच्या घरच्या भाषेची दखल शाळेने घेतलीच पाहिजे. वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाला पुण्या-मुंबईच्या वर्गात हसले गेल्याचे ज्याने पाहिले आहे त्याला ही वेदना वेगळी समजावून सांगायला नको. परंतु त्या मुलाला प्रमाण मराठी न शिकवता तसेच पुढे ढकलणे हा काही त्याचा सन्मान ठरत नाही. लिसा डेलपिट या आफ्रिकन-अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८८ साली हेच ठामपणे मांडले होते : ज्या संकेतांच्या जोरावर समाजात सत्ता चालते ते संकेत ज्यांना घरी मिळत नाहीत त्यांना ते उघडपणे, स्पष्ट शब्दांत शिकवले गेले पाहिजेत. घरची बोली अबाधित राहून तिच्या जोडीला ही दुसरी भाषा यायला हवी.

हे घडू शकते याची उदाहरणे आपल्या जवळच आहेत. न्यूयॉर्क शहरातल्या स्टेटन आयलंडवरील न्यू डॉर्प हायस्कूल ही १५-१६ वर्षांपूर्वीपर्यंत मागे पडलेली शाळा होती. मुले का नापास होतात याचा शिक्षकांनी शोध घेतला, तेव्हा त्यांना आढळले की अडचण विचारांत नसून त्या विचारांना जोडणाऱ्या शब्दांत आहे. ‘ऑल्दो’, ‘डिस्पाइट’ यांसारखे शब्द वापरून वाक्य पुरे करणे अनेकांना जमत नव्हते. ज्युडिथ हॉकमन या शिक्षणतज्ज्ञांच्या पद्धतीप्रमाणे शाळेने जवळजवळ प्रत्येक विषयात वाक्याचे शिक्षण सुरू केले. रसायनशास्त्राच्या तासालाही मुलाला एकच विधान देऊन ते ‘बिकॉज’, ‘बट’ आणि ‘सो’ या तिन्ही शब्दांनी तीन वेगळ्या प्रकारे पुरे करायला लावायचे. ही कृती क्षुल्लक वाटते, पण ‘बिकॉज’ला कारण लागते, ‘बट’ला विरोध लागतो आणि ‘सो’ला परिणाम, त्यामुळे विषय समजल्याशिवाय ती तीन वाक्ये लिहिताच येत नाहीत. काही वर्षांत त्या शाळेत राज्याच्या इंग्रजीच्या रीजंट्स परीक्षेतील उत्तीर्णांचे प्रमाण ६७ वरून ८९ टक्क्यांवर गेले. या यशात इतर प्रयत्नांचाही वाटा असणार. पण संशोधनाची दिशाही तीच आहे. २००७ साली स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या लेखनाविषयीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात सुट्या व्याकरणाचा परिणाम उलटाच दिसला, मात्र लहान वाक्ये जोडून मोठी, अर्थपूर्ण वाक्ये करण्याच्या सरावाचा स्पष्ट फायदा दिसला. म्हणजे १९८५ चा ठराव ज्यांना मान्य आहे त्यांनाही वाक्याचे हे शिक्षण नाकारण्याचे कारण उरत नाही.

वाचनाच्या बाबतीत हा देश मार्ग बदलू शकतो हे आपण नुकतेच पाहिले आहे. चित्र आणि संदर्भ पाहून शब्दाचा अंदाज करायला शिकवणारी पद्धत दशकानुदशके प्रतिष्ठित होती. आता अनेक राज्यांनी कायदे करून अक्षर-ध्वनींच्या पद्धतशीर शिक्षणाकडे मोर्चा वळवला आहे. मिसिसिपीने २०१३ साली कायदा केला, शिक्षकांना प्रशिक्षण दिले, शाळांमध्ये मार्गदर्शक पाठवले. चौथीच्या वाचनात २०१३ साली ४९ व्या क्रमांकावर असलेले ते गरीब राज्य २०२४ मध्ये पहिल्या दहांत आले. त्या चळवळीत शिक्षक आणि संशोधक होते, आणि शाळांच्या सभागृहांत उभे राहून बोलणारे पालकही होते. वाक्याच्या शिक्षणासाठी अशी चळवळ अजून कोणी उभी केलेली नाही.

चॅटजीपीटीच्या काळात हे सारे कशाला, असे मला अनेक पालक विचारतात. यंत्र स्वल्पविराम बरोबर देते, हे मान्य. पण यंत्राने दिलेले वाक्य मला म्हणायचे होते तेच म्हणते का, हे तपासायला वाक्य वाचता यावे लागते. माझ्या वर्गात ज्यांना वाक्याची घडण कळते ते यंत्राच्या मजकुरावर काट मारतात. ज्यांना कळत नाही ते तो जसाच्या तसा स्वीकारतात, अगदी त्यांच्या मताच्या विरुद्ध असला तरी.

तेव्हा आपण काय करावे, याबद्दल माझ्या सूचना साध्या आहेत. सप्टेंबरमध्ये ‘बॅक टू स्कूल नाइट’ला जाल तेव्हा श्रेणींचे प्रमाण विचारण्याआधी इंग्रजीच्या शिक्षकांना विचारा, की या वर्षात माझ्या मुलाचे लिखाण वाक्यांवर खुणा होऊन किती वेळा परत येईल, आणि ते सुधारून पुन्हा लिहायला वेळ मिळेल का. प्रश्न आदराने विचारा आणि उत्तर ऐका. शिक्षकांनाच बहुधा हे हवे असते आणि त्यांच्या अडचणी त्यांच्याच तोंडून कळतात. राज्याची मानके छापून घ्या, तुमच्या इयत्तेच्या ओळीखाली रेघ मारा आणि शाळेचा अभ्यासक्रम त्याच्याशी ताडून पाहा. उपवाक्य कोणत्या इयत्तेत, कोणत्या महिन्यात शिकवले जाते, याचे उत्तर अभ्यासक्रम प्रमुखांना देता आले पाहिजे. घरी आलेला निबंध गुण पाहून बाजूला ठेवू नका. मुलाला त्यातले एक वाक्य निवडायला सांगा आणि ते दोन निराळ्या रीतींनी लिहून घ्या. रविवारच्या मराठी शाळांत शिकवणाऱ्या स्वयंसेवकांनाही माझी विनंती आहे : कर्ता, कर्म, क्रियापद तुम्ही मराठीतून शिकवताच, त्याच तासाला त्याच रचनेचे एक इंग्रजी वाक्य शेजारी लिहा. दोन भाषा असलेल्या मुलाला वाक्याची रचना दिसायला सर्वांत सोपी जाते, आणि हा लाभ आपल्या मुलांना फुकट मिळतो.

मुख्य काम मात्र स्कूल बोर्डाच्या बैठकीत आहे. या देशात शाळांचा बराचसा निर्णय स्थानिक पातळीवर होतो आणि बोर्डाचे सदस्य आपल्याच गावातले मतदार निवडून देतात, बहुधा फार थोड्या मतदानात. ज्यांना मताधिकार आहे त्यांनी तो या निवडणुकीत वापरावा. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या आपल्यातल्या अनेकांना वाटते, की आपण नागरिक नाही तेव्हा आपण बोलणे बरे नव्हे. बैठक सार्वजनिक असते, गावातला रहिवासी म्हणून आपल्याला बोलण्याची वेळ मिळते, आणि शाळेचा खर्च मोठ्या प्रमाणात ज्या मालमत्ता करातून चालतो तो आपणही भरतो, भाड्याच्या घरात असलो तरी भाड्यातून भरतो. बोलायला मिळणारी दोन-तीन मिनिटे पुरेशी आहेत, फक्त तिथे तक्रारीपेक्षा मागणी घेऊन जा. माझ्या मते मागण्या दोन असाव्यात. शिक्षकांना वाक्यरचना आणि वाक्याचे अध्यापन यांचे प्रशिक्षण शाळेच्या वेळेत, पगारी मिळावे. न्यू जर्सीत २०२५ पासून नव्या शिक्षकांसाठीची मूलभूत कौशल्यांची परीक्षा रद्द झाली आहे. शिक्षकांची टंचाई पाहता तो निर्णय मला समजतो, पण त्यामुळे नोकरीत आल्यावर मिळणाऱ्या प्रशिक्षणाची गरज वाढलेली आहे. आणि इंग्रजीच्या शिक्षकाकडे सोपवलेल्या विद्यार्थ्यांची संख्या कमी व्हावी, किंवा निबंध तपासण्यासाठी त्याला वेळापत्रकात तास मिळावा. ही दुसरी मागणी खर्चाची आहे, आणि तिच्यासाठी करात थोडी वाढ झाली तर ती आपण मान्य करू असेही त्याच श्वासात सांगायला हवे. शिकवणीला आपण देतो त्याहून ती रक्कम फार कमी असेल, आणि तिचा उपयोग गावातल्या प्रत्येक मुलाला होईल.

न्यू जर्सीत शाळांची प्राथमिक अंदाजपत्रके मार्च महिन्यात मांडली जातात आणि त्यानंतर वसंतात जाहीर सुनावणी होते. त्या वेळेपर्यंत आकडे बहुतेक पक्के झालेले असतात, म्हणून ही मागणी जानेवारी-फेब्रुवारीच्या बैठकांतच नोंदली गेली पाहिजे. आमच्या गावातल्या काही मराठी, गुजराती, तमिळ आणि डॉमिनिकन पालकांनी मिळून एक पानाचे निवेदन इंग्रजीत तयार केले आहे. त्यात राज्याच्या मानकांतल्या इयत्तावार ओळी उद्धृत केल्या आहेत आणि वर सांगितलेल्या दोनच मागण्या आहेत. आपल्या शाळेला लागू पडेल असे फेरफार करून ते कोणीही वापरावे, त्यावर आमचे नाव राहण्याची गरज नाही. येत्या जानेवारीच्या बैठकीत आम्ही ते वाचून दाखवणार आहोत. आपापल्या गावच्या बैठकीची तारीख आणि बोलण्यासाठी नाव नोंदवण्याची पद्धत शाळेच्या कार्यालयात विचारून घ्यावी, आणि शक्य झाल्यास सोबत इंग्रजीच्या एखाद्या शिक्षकालाही न्यावे.

आपली नम्र,
न्यू जर्सीतील इंग्रजी लेखनाची एक मराठी अध्यापिका